सेंट हेलेन्स : उद्रेक १९८० चा, काम अजून चालूच (आरव्ही सहल + चर्चा)

पायवाट

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना घेऊन भाड्याच्या आरव्हीतून (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फिरलो, त्यातल्या फक्त माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीबद्दल लिहितोय. बाकीच्या ठिकाणांवर इथे पुष्कळ धागे आहेत, सेंट हेलेन्सवर मात्र मराठीत फारसं सापडलं नाही.

आधी थोडक्यात घटना. १२३ वर्षं गप्प बसलेला हा डोंगर मार्च १९८० मध्ये हलायला लागला. आधी भूकंप, मग वाफेचे स्फोट, मग उत्तरेकडची बाजू फुगायला लागली. रोज पाचेक फूट बाहेर येत होती. १८ मे, रविवार, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ रिश्टरचा धक्का बसला आणि ती अख्खी बाजू घसरली. नोंदलेल्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी दरड. वरचं ओझं निघाल्याबरोबर आतला कोंडलेला मॅग्मा (वितळलेला खडक) आणि वायू वर न जाता आडवे फुटले. सुमारे ६०० चौरस किलोमीटर जंगल काही मिनिटांत आडवं झालं. ५७ माणसं गेली. डोंगराची उंची ९,६७७ फुटांवरून ८,३६३ वर आली. तो रविवार नसता तर जंगलतोडीचे कित्येक कामगार त्या पट्ट्यात असते.

आम्ही पश्चिमेकडून गेलो. आय-५ महामार्गावर कॅसल रॉक गावाला बाहेर पडायचं आणि ५०४ नंबरचा रस्ता धरायचा. रस्ता रुंद आहे, वळणं सौम्य आहेत, आमच्या २५ फुटी आरव्हीला काही त्रास नाही. एल्क रॉकपर्यंत चढ, मग कोल्डवॉटर तळ्याकडे लांबलचक उतार. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअर खाली घ्या. मागे भांडी नीट बांधलेली नसतील तर आई बोलून दाखवतेच. मुक्काम सीक्वेस्ट स्टेट पार्कात केला. वीज-पाण्याची जोडणी असलेल्या जागा आहेत, समोरच सिल्व्हर लेकचं माहिती केंद्र आहे. आधी ते बघावं, मग वर जावं, म्हणजे वर काय दिसतंय ते कळतं.

महत्त्वाचं : जॉन्स्टन रिज वेधशाळा, म्हणजे विवराच्या अगदी समोरची जागा, मे २०२३ पासून बंद आहे. दरड कोसळून ५०४ वरचा एक पूल वाहून गेला. पलीकडे अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. आम्ही गेलो तेव्हा रस्ता कोल्डवॉटरपर्यंतच होता. निघण्याआधी फॉरेस्ट सर्व्हिसचं पान नक्की बघा. बरं, हे राष्ट्रीय उद्यान नाही, 'राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक' आहे, १९८२ साली जाहीर झालेलं, आणि ते फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे.

मी हिरमुसलो होतो, कारण जॉन्स्टन रिज हेच मुख्य आकर्षण. पण बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना विवराचं काही पडलेलं नव्हतं. माहिती केंद्रातल्या उठावाच्या नकाशासमोर उभे राहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढा गाळ गेला कुठं?"

आणि खरं सांगतो, त्या एका प्रश्नाने आमची सहल फिरली.

गाळ गेला टूटल नदीत. त्या दिवशी वितळलेलं बर्फ, राख आणि दगडमाती यांचा लगदा टूटलमधून काऊलिट्झ नदीत आणि तिथून थेट कोलंबियात गेला. कोलंबियाच्या जहाजमार्गाची खोली ४० फुटांवरून १४ फुटांवर आली, पोर्टलंड बंदरात जहाजं अडकून पडली. पण ते एका दिवसाचं झालं. दरडीचा ढिगारा नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात सुमारे २३ किलोमीटर पसरून बसला आहे आणि दर पावसाळ्यात नदी तो कुरतडून खाली आणते. म्हणून लष्कराच्या अभियंता दलाने नॉर्थ फोर्क टूटलवर १९८९ मध्ये फक्त गाळ अडवायला एक धरण बांधलं. पाणी साठवायचंच नाही, गाळ साठवायचा. ५०४ वरून तिकडे जायचा फाटा आहे. दहा वर्षं व्हायच्या आत ते सांडव्यापर्यंत भरलं, मग २०१२ मध्ये सांडवा उंच करावा लागला. बाबा म्हणाले, "आमच्याकडं गाळानं धरण भरलं की चौकशी लागते, इथं भरावं म्हणूनच बांधलंय!"

दुसरी गोष्ट स्पिरिट लेकची. या तळ्याचं तोंड दरडीने बुजलं आणि पाणी चढत गेलं. तो मातीचा बांध कधी फुटला असता तर खालची गावं गेली असती. आधी तराफ्यावर पंप बसवून पाणी उपसलं, मग १९८५ मध्ये खडकातून अडीच किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा काढला. तळ्याची पातळी अजून त्या एका बोगद्यावर आहे. खडक दाबतो, बोगदा आवळतो, मध्येमध्ये बंद करून डागडुजी करावी लागते.

म्हणजे आपण 'उद्रेकानंतर निसर्ग कसा सावरला' हे बघायला जातो, आणि तिथे उद्रेक अजून निस्तरणं चालू आहे. २०२३ ची दरड त्यातलीच. हे कुठल्या प्रवासवर्णनात मला वाचायला मिळालं नव्हतं.

चालायचं असेल तर कोल्डवॉटरजवळची हमक्स पायवाट करा. साधारण चार किलोमीटरचा फेरा, फार चढ नाही. आजूबाजूला ज्या टेकड्या दिसतात त्या टेकड्या नाहीतच, डोंगराचे तुकडे आहेत, वरून वाहत येऊन जिथल्या तिथे बसलेले. एका ठिकाणी कापलेल्या कडेत तांबूस, राखाडी आणि पिवळट असे तीन थर शेजारी शेजारी, उभे. बाबांनी नखाने खरवडलं तर पिवळा थर पिठासारखा सुटला आणि राखाडी हलेना. मधल्या खड्ड्यांत तळी साचली आहेत, कडेने आल्डरची दाट झाडी आहे, बीव्हरने कुरतडलेली खोडं आहेत. कोल्डवॉटर तळं तरी काय, त्याच दरडीने ओढा अडवल्यामुळे तयार झालेलं. १९८० आधीच्या नकाशात ते नाहीच.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो नंतर टाकतो.

---

भटकंती_बेलव्ह्यू

मस्त लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण एक विचारू का? सिएटलहून माउंट रेनिअर तर त्याहूनही जवळ. फुलं, हिमनद्या, सगळं आहे. हा अर्धा तुटका डोंगर बघायला मुद्दाम कशाला जायचं? आम्ही एकदा गेलो होतो, ढग होते, राखाडी उतार सोडून काही दिसलं नाही. मुलं कंटाळली.

---

जुनं_खोड

भटकंती, तुमची मुलं कंटाळली असतील, आम्ही मात्र त्या दिवशी अजिबात कंटाळलो नव्हतो 😄

मी तेव्हा पुलमनला शिकत होतो. सेंट हेलेन्सपासून चारशे किलोमीटरच्या आसपास, पूर्वेला. रविवार होता, रेडिओवर बातमी ऐकली आणि 'असेल तिकडे कुठेतरी' म्हणून सोडून दिली. दुपारी पश्चिमेकडून ढग आला. पावसाचा वाटला, पण त्याची कड सरळ होती. मग भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले. पक्षी गप्प. आणि राख पडायला लागली, आवाज न करता. हात बाहेर काढला तर कोरडी, मऊ, पण बोटांत चोळली की काचेसारखी टोचणारी.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकच गोष्ट केली, पाण्याचा नळी-पाइप लावून राख धुवायला गेले. ते करू नये. ओली राख जड होते, गटारात जाऊन घट्ट बसते. गाड्यांचे एअर फिल्टर तुंबायचे, लोक त्यावर बायकांचे पायमोजे गुंडाळून गाडी चालवायचे. आमच्याकडे तसं कमीच पडलं. याकिमा गावाने राख उचलायला दहा आठवडे घेतले म्हणतात.

मी फिल्म रोलच्या डबीत थोडी भरून सांगलीला घरी पाठवली. पत्र आणि डबी वेगवेगळी पोचली, आधी डबी. आईने अंगारा समजून देवघरात ठेवली आणि आठवडाभर सगळ्यांच्या कपाळाला लावली. पत्र पोचल्यावर वडिलांनी वाचून दाखवलं, पण आई म्हणाली, आता लावलाय तर लावलाय.

---

सह्यवेडी

जुनंकाका, अंगारा 🤣🤣 कपाळाला खाज नाही आली कोणाच्या?

पायवाट, फोटो टाका हो. आणि पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

दगडधोंडा

भूशास्त्रवाला बोलतो आता, सहन करा.

आपण सगळे ज्वालामुखीच्याच खडकावर वाढलोय. सह्याद्री, दख्खनचं पठार, गडांचे कातळ, लेण्यांचे कातळ, सगळा बेसाल्ट. पण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे जे झालं ते शंकूसारखे डोंगर फुटून झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट.

सेंट हेलेन्सचा १९८० चा मॅग्मा होता डेसाइट. त्यात सिलिका जास्त, साठ टक्क्यांच्या वर. बेसाल्टमध्ये ती पन्नासच्या आसपास. सिलिका वाढली की मॅग्मा चिकट होतो, त्यातला वायू सहज सुटत नाही, कोंडतो, आणि वरचं झाकण निघालं की फुटतो. पायवाट यांनी दरड आधी आणि स्फोट नंतर असा क्रम बरोबर दिलाय. बऱ्याच ठिकाणी उलटं लिहिलेलं असतं.

गंमत म्हणजे याच डोंगराने कधीतरी आपल्यासारखा पातळ बेसाल्टही ओकला आहे. दक्षिण बाजूला 'एप केव्ह' म्हणून लाव्हाची नळी आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, लांबी चार किलोमीटर. वरचा लाव्हा थंड होऊन छत झालं, आतला वाहून गेला, पोकळी राहिली. आत बारा महिने पाच-सहा अंश तापमान. दोन टॉर्च आणि जॅकेट न्या, वेळेचं आरक्षण आधी करा. भटकंती, कंटाळणाऱ्या मुलांसाठी ही जागा उत्तम. ढग असले तरी फरक पडत नाही.

---

भटकंती_बेलव्ह्यू

एप केव्हचं माहीत नव्हतं. धन्यवाद, हे करण्यासारखं आहे.

रेनिअरबद्दल माझं मत मात्र कायम :)

---

साग_सावर

वनखात्यात चंद्रपूरला नोकरी झाली, आता मुलाकडे टॅकोमाला असतो. मीही सेंट हेलेन्स पाहिला आणि माझं लक्ष झाडांवर होतं, त्यामुळे चार ओळी.

५०४ वरून वर जाताना एका टप्प्यापर्यंत दुतर्फा सारख्या उंचीची, सारख्या अंतरावरची झाडं दिसतात, आणि अमुक साली लागवड झाल्याच्या पाट्या. ही वेयरहाउझर या लाकूड कंपनीच्या मालकीची जमीन. त्यांनी पडलेलं लाकूड उचललं आणि सुमारे १ कोटी ८० लाख रोपं लावली. राखेखाली माती मिळेपर्यंत खड्डा खणायचा आणि रोप त्या मातीत लावायचं, अशी हाताने केलेली लागवड. रोपवन म्हणून काम नंबर एक आहे, हे मी त्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. आता तिथे विरळणी आणि तोडणीही होते.

पुढे स्मारकाची हद्द लागते आणि चित्र बदलतं. तिथे कोणी काही उचललं नाही, काही लावलं नाही. चार दशकं उलटून गेली तरी मोठा भाग उघडा आहे, झुडपं, गवत, मध्येच आल्डर, मध्येच एखादं फरचं झाड, आणि पडलेली खोडं अजून स्फोटाच्या दिशेने झोपलेली. सामान्य माणसाला वाटतं कंपनीने जंगल परत आणलं आणि सरकारने काही केलं नाही. पण पक्षी, बेडूक, फुलपाखरं बघायची असतील तर उघड्या बाजूला जा. रोपवनाच्या दाट सावलीत खाली काही उगवत नाही.

---

पायवाट

साग_सावर काका, हे छान सांगितलंत. ती हद्द आम्हालाही दिसली, पण मला वाटलं होतं की पुढची जमीनच जास्त खराब असेल म्हणून झाडं कमी आहेत.

---

साग_सावर

तेही आहेच की. विवराच्या उत्तरेला प्युमिसचं (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचं) मैदान आहे, तिथे तर सगळं शून्यातून सुरू झालं. नुसता दगडाचा भुगा, नत्र जवळपास नाहीच. तिथे पहिल्यांदा जगलं ते ल्युपिन, जांभळ्या फुलांचं बुटकं झाड. ते शेंगवर्गातलं, मुळांवर गाठी, हवेतला नत्र जमिनीत आणणारं. आपल्याकडे शेतकरी हरभऱ्याचा बेवड चांगला म्हणतात ना, तेच तत्त्व. ल्युपिन मेलं की त्याच्या जागी दुसरं काही उगवतं.

आणि घुशीसारखा एक प्राणी, पॉकेट गोफर. मे महिना असल्यामुळे तो जमिनीखाली होता, वर बर्फही होतं, म्हणून कित्येक वाचले. त्यांनी बिळं काढताना खालची जुनी माती वर आणली, तिच्याबरोबर बुरशी आणि बिया. बर्फाखाली दबलेली लहान झाडंही अशीच वाचली. स्फोट ऑगस्टमध्ये झाला असता तर गोष्ट वेगळी असती.

---

सह्यवेडी

हा धागा मूळ लेखापेक्षा भारी होत चाललाय (पायवाट, राग मानू नका).

जॉन्स्टन रिज हे नाव कोणाचं, कोणी सांगेल का?

---

दगडधोंडा

डेव्हिड जॉन्स्टन, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा तरुण ज्वालामुखीतज्ज्ञ, वय ३०. डोंगरापासून दहाएक किलोमीटरवरच्या 'कोल्डवॉटर २' या निरीक्षण ठाण्यावर त्या सकाळी एकटाच होता. रेडिओवरून व्हँकुव्हरच्या कार्यालयाला एवढंच म्हणाला, "व्हँकुव्हर! व्हँकुव्हर! धिस इज इट!" (हे व्हँकुव्हर वॉशिंग्टनमधलं, कॅनडातलं नव्हे.) त्याचा देह मिळाला नाही. आरव्हीचा धागा आहे म्हणून सांगतो, त्या ठाण्यावर मुक्कामाला एक ट्रेलर होता. त्याचे तुकडे १९९३ मध्ये रस्त्याचं काम करणाऱ्यांना सापडले.

त्याच्या आधी काही आठवडे त्या ठाण्यावर हॅरी ग्लिकन नावाचा विद्यार्थी होता. आदल्या दिवशी त्याला मुलाखतीला जायचं होतं म्हणून जॉन्स्टन त्याच्या जागी आला. ग्लिकनने पुढे सेंट हेलेन्सच्या दरडीवरच मोलाचं काम केलं. हमक्सबद्दल आज जे कळतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. १९९१ मध्ये जपानच्या उंझेन ज्वालामुखीवर तप्त राख आणि वायूच्या लोटात सापडून तो वारला.

---

जुनं_खोड

आणि त्या दिवसांत वर्तमानपत्रात रोज झळकायचा तो म्हातारा, हॅरी ट्रूमन. स्पिरिट लेकच्या काठावर त्याचं लॉज होतं, वय ८३, सोळा मांजरं. डोंगर सोडून जाणार नाही म्हणाला. लोक त्याला हिरो करत होते, शाळकरी मुलं पत्रं लिहीत होती. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि अजून पटत नाही. घरमालकांचाही दबाव होता, आम्हाला आमच्या घरी जाऊ द्या म्हणून. १७ तारखेला पोलिसांच्या पहाऱ्यात काही जणांना सामान आणायला सोडलं, आणि दुसरी खेप ठरली होती १८ मेला सकाळी दहाची. दीड तासाने वाचले.

---

चाकावरचं_घर

मी इथला जुना आरव्हीवाला. दोन-तीन व्यावहारिक मुद्दे.

एक, पूर्वेची बाजू, विंडी रिज. विवराचं आणि स्पिरिट लेकचं दर्शन तिथून जवळून होतं. तळ्यात त्या दिवशी पडलेले ओंडके अजून तरंगतायत, वारा वाहील त्या काठाला. पण रँडलकडून जाणारे फॉरेस्ट रोड २५ आणि ९९ अरुंद, वळणावळणांचे, जागोजागी खचलेले. मागे ट्रेलर असेल तर तो वाटेत सोडून जावा, मोठी आरव्ही नेऊच नये. बर्फामुळे रस्ता उन्हाळ्यातच उघडतो, कधी जुलैही उजाडतो. आम्ही आरव्ही कँपवर ठेवली आणि भाड्याची छोटी गाडी घेऊन गेलो. वाटेत 'मायनर्स कार' आहे, स्फोटात सापडलेली पॉन्टिअॅक, गंजून चेपलेली. थांबून बघा.

दोन, कॅसल रॉकलाच इंधन भरा, पाण्याची टाकी भरा, काळी टाकी (शौचालयाची) रिकामी करा. वर सोय होईल या भरवशावर राहू नका.

तीन, भाड्याच्या आरव्हीचा करार वाचा. आमच्या एका सहलीत जनरेटर किती तास चालला त्याचे पैसे वेगळे लागले आणि ते कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. वीजजोडणीची जागा घेतली असती तर स्वस्त पडलं असतं.

---

पायवाट

जनरेटरचं +१. आम्ही फक्त दुपारी आईच्या मिक्सरसाठी लावला होता. तिला चटणी पाट्यावरची नाही तर निदान मिक्सरची तरी हवी होती, बाटलीतली नाही.

भटकंती, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. रेनिअर सुंदर आहे, वाद नाही. पण रेनिअरला बघून परत यायचं असतं. इथे प्रश्न घेऊन जावं लागतं, नाहीतर तुम्ही म्हणता तसे राखाडी उतारच दिसतात. बाबांना विवर ढगात होतं तरी चाललं, त्यांना गाळ दिसत होता. साग_सावर काकांना झाडं दिसली. माझ्या मुलीला फक्त बीव्हर हवा होता, तो काही दिसला नाही, त्यामुळे तिचं मत तुमच्या बाजूने आहे.

---

भटकंती_बेलव्ह्यू

हा हा, मुलीला माझा पाठिंबा कळवा. या वेळी आधी एप केव्ह आणि मग हमक्स असा बेत करतो. आमचं वाहन ३२ फुटी आहे, सप्टेंबरात जायचा विचार आहे. जमेल?

---

चाकावरचं_घर

५०४ वर ३२ फूट आरामात जाईल, वाहनतळ मोठे आहेत. एप केव्हला मात्र नेऊ नका, तिथे जागा कमी. दक्षिण आणि पश्चिम बाजू वर कुठे जोडलेल्या नाहीत, खाली उतरून आय-५ ने वळसा घालावा लागतो, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. सप्टेंबरात हवा छान असते, पण वणव्यांचा धूर असू शकतो, तो आदल्या दिवशी बघा. आणि सीक्वेस्टचं आरक्षण आजच करा, शनिवार-रविवारच्या वीजजोडणीच्या जागा आधी जातात.